संदर्भ-दालनातली टेबलं काढू नका

सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत हल्ली एक प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतो. संदर्भ-दालनातली लांब टेबलं काढावीत, तिथे पार्टिशनचे कप्पे बसवून स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवावी, आणि संदर्भ शोधणाऱ्या वाचकांना डिजिटल सभासदत्व देऊन घरबसल्या हवं ते पाहू द्यावं. प्रस्ताव मांडणारे ग्रंथालयाचे हितचिंतकच असतात. अनुदान वेळेवर येत नाही, वीजबिल थकतं, संदर्भ-दालनात दुपारी मोजकीच माणसं दिसतात आणि अभ्यासिकेच्या जागेसाठी मात्र मुलं थांबलेली असतात. हे सगळं खरं आहे. तरीही हा प्रस्ताव चुकीचा आहे. माणसं माहिती कशी शोधतात याबद्दलची एक चुकीची समजूत त्याच्या मुळाशी आहे, आणि तिचा प्रतिवाद वेळीच केला नाही तर उद्या टेबलं गेल्यावर बोलून उपयोग नाही.

ती समजूत अशी: प्रश्न माणसाच्या डोक्यात तयार असतो, उत्तर कुठेतरी ठेवलेलं असतं, मधलं अंतर यंत्राने कापलं की शोध संपला. असं एकदा मानलं की शेजारी बसलेल्या माणसाला काही कामच उरत नाही; झालीच तर त्याची अडचण होते. माझं म्हणणं असं की ज्याचा प्रश्न पक्का आहे त्याला लॉगिन पुरतं, पण आपण नेमकं काय शोधतो आहोत हेच ज्याला अजून उमगलेलं नाही, त्याला शेजार लागतो. सार्वजनिक ग्रंथालय मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी असतं. पहिल्याचं कुठेही भागतं.

एका संदर्भ-दालनात पाहिलेली गोष्ट सांगतो. एक शिक्षिका घराण्यातला जुना मोडी कागद घेऊन आल्या होत्या. त्याचं देवनागरी लिप्यंतर त्यांनी कुणाकडून तरी करून घेतलं होतं. वरच्या ओळीत होतं, ‘सु॥ इसन्ने सितैन मया व अलफ’. खाली एका ठिकाणी ‘बालपरवेशी’ असा शब्द होता. ‘इसन्ने’ हे कुणा माणसाचं नाव समजून त्या चालल्या होत्या. मोबाइलवर कधी ‘इसन्ने आडनाव’, कधी ‘इसन्ने गाव जिल्हा’ असं टाकून बघत होत्या. समोर बसलेले एक निवृत्त गृहस्थ कपाटाकडे जायला उठले, जाताना त्यांची नजर कागदावर पडली आणि ते थांबले. म्हणाले, “ताई, हे नाव नाही. साल आहे.” मग उभ्या उभ्याच त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने मांडून दाखवलं: इसन्ने म्हणजे दोन, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६२. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६१. आणि हे साल मृगाला सुरू होतं, म्हणजे कागद जूननंतरचा.

बाई क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे पानिपत होऊन गेलं होतं.” गृहस्थांनी मान हलवली. “आणि बालपरवेशी म्हणजे कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेली नेमणूक.” इथे शोधाचं तोंडच फिरलं. आडनाव आणि गाव शोधायला आलेल्या बाई आता विचारत होत्या की आपल्या घरातलं कोण पानिपतावर गेलं होतं, आणि ते कळायला कुठली वंशावळ, कुठली यादी पाहावी लागेल. टेबलाच्या टोकाला बसलेला एक मुलगा इतका वेळ ऐकत होता. त्याने आपल्या वहीतला कागद पुढे केला आणि विचारलं, “मग ही तारखेआधीची ‘छ’ काय असते?” ती चंद्राची, म्हणजे मुसलमानी महिन्यातल्या तिथीची खूण, हे त्यालाही तिथेच कळलं.

यावर प्रस्तावाचे समर्थक म्हणतील की ती अख्खी ओळ यंत्रात टाकली असती तर यंत्रानेही सांगितलं असतं. सांगितलं असतं, मान्य आहे. पण बाई ती ओळ टाकत नव्हत्या. त्या जे टाकत होत्या त्याचं उत्तर यंत्र निमूटपणे देत होतं आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्या अधिक आडवाटेला जात होत्या. आपण चुकीचं विचारतो आहोत हे विचारणाऱ्याला स्वतःहून दिसत नाही. शेजारून जाणाऱ्याला दिसतं. त्या गृहस्थांना कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी कागद पाहिला, बाईंचं अडणं पाहिलं, आणि ते बोलले. घरबसल्या शोधात हे घडायचं तर आधी बाईंना ‘मला अडचण आहे’ हे कळायला हवं, मग ती शब्दांत मांडता यायला हवी, मग ती कुणाला पाठवायची हे ठाऊक हवं. हे तिन्ही जिला जमतं तिचा शोध अर्ध्यावर आलेलाच असतो.

हा एकट्या-दुकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे टॉमस ॲलन यांनी संशोधन-प्रयोगशाळांतले अभियंते माहितीसाठी कुणाकडे जातात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९७७ साली तो ग्रंथरूपाने मांडला. दोघांच्या बसण्याच्या जागांतलं अंतर वाढत जातं तसं त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने घटतं, आणि तीसेक मीटरच्या पुढे ते इतकं कमी होतं की दोघं वेगळ्या इमारतीत असल्यासारखेच. फोन आणि ई-मेल आल्यावर हे बदलेल असं वाटलं होतं. पण ॲलन यांनी पुढे दाखवलं की ज्याला आपण रोज समोर पाहतो त्यालाच आपण फोन आणि मेलही जास्त करतो. समोरासमोरचा शेजार आटला की दूरचा संवादही सहसा आटतो.

शोधयंत्रांच्या काळातलंही पाहू. तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये संशोधक असलेल्या मेरेडिथ मॉरिस यांनी २००८ साली २०४ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. सगळे संगणकावर रोज काम करणारे, एकट्याने शोधायला पूर्ण सक्षम असलेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी आपण इतरांबरोबर मिळून वेबवर शोध घेतल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याच्या पडद्याकडे पाहत शोधात भाग घेणं ही तर बहुतेकांची सवय निघाली. शोधयंत्र एका वेळी एकाच माणसासाठी बनवलेलं असतं. माणसं ते दोघा-तिघांत वापरतात, खुर्ची ओढून घेऊन, ‘थांब, वरचं परत दाखव’ म्हणत. गावातल्या सेवा केंद्रात सातबाऱ्यावरची नोंद शोधायला आलेले बापलेकही हेच करतात. ही सवय सोडवायची कशाला?

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. ते म्हणतात, एकत्र बसण्याने विचार सुधारतो ही भाबडी कल्पना आहे. संशोधन उलट सांगतं. आणि हे खोटं नाही. मिशाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली दाखवलं की चार माणसं एकत्र बसून कल्पना सुचवतात त्यापेक्षा तीच संख्या वेगवेगळ्या खोल्यांत एकेकटी बसून अधिक कल्पना देते. कारण साधं आहे: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं. सॉलोमन ॲश यांचे १९५१चे प्रयोग तर प्रसिद्धच आहेत. रेघांच्या लांबीसारख्या डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टीतही, बाकीचे सगळे चुकीचं बोलले की माणसाने दिलेली सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या बाजूला झुकली. शिवाय एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली दाखवलं की दोन कंपन्यांनी भिंती पाडून मोकळी कार्यालयं केली, तेव्हा समोरासमोरचं बोलणं वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटलं.

हे तिन्ही निष्कर्ष मला मान्य आहेत. त्यांतून कप्पे बसवावेत असं निघतं का, एवढाच प्रश्न आहे. डील आणि श्ट्रोबे यांच्या प्रयोगात सगळ्यांना विषय आधीच दिलेला होता आणि मोजली जात होती ती मुख्यतः कल्पनांची संख्या. म्हणजे प्रश्न ठरल्यावरचं काम. तिथे एकट्याने बसावं हे माझ्या म्हणण्याशी जुळतंच. ॲशच्या प्रयोगात बाकीचे सगळे ठरवून खोटं बोलत होते, आणि त्याच प्रयोगमालेत एक जरी माणूस खरं बोलणारा निघाला तरी इतरांच्या मागे जाण्याचं प्रमाण झपाट्याने घसरलं. म्हणजे गर्दीच्या दाबातून सोडवणाराही शेजारचाच माणूस होता. संदर्भ-दालनातल्या टेबलावर असा एकमुखी गट नसतोच. तिथे आपापल्या कामाला आलेली, एकमेकांशी काही देणं-घेणं नसलेली माणसं असतात. आणि मोकळ्या कार्यालयांत माणसांना नुसतं एकमेकांच्या नजरेत बसवलं होतं. सतत कुणीतरी बघतंय म्हटल्यावर त्यांनी कानात हेडफोन घातले. ग्रंथालयाच्या टेबलावर माणूस स्वतःहून येतो, समोर उघडं पुस्तक ठेवतो, हवं तेव्हा उठून जातो. दोन्हींत अंतर सारखं असलं तरी नातं सारखं नाही.

अगदी अलीकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांनी २०२२ साली ‘नेचर’मध्ये आपले प्रयोग मांडले. त्यांत पाच देशांतल्या अभियंत्यांच्या जोड्याही होत्या. व्हिडिओवरून जोडलेल्या जोड्यांना समोरासमोरच्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या, कारण नजर पडद्याला खिळली की विचारही आक्रसतो. पण सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात व्हिडिओवरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत. फरक नेमका कुठे पडतो ते यात स्वच्छ दिसतं. पर्याय समोर आले की अंतर फारसं आड येत नाही. पर्याय अजून दिसायचे असतात तेव्हा ते आड येतं.

आपल्याकडे याचा दाखला पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. वि. स. सुकथनकरांनी १९२५ साली संपादकपदाची सूत्रं घेतल्यावर पाठभेद नोंदवण्याची जी पद्धत बसवली ती पाहण्यासारखी आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेला फुलस्केप ताव. सगळ्यात वर प्रचलित पाठातला श्लोक ठळक अक्षरांत. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ, आणि त्या ओळीत अक्षराखाली अक्षर येईल अशा बेताने फक्त वेगळा पाठ. उजवीकडे चार इंचांचा रकाना शेऱ्यांसाठी. जास्तीचे लांब उतारे निराळ्या कागदांवर, ज्यांना शोधपत्रं म्हणत. हे काम करायला उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या लिप्या जाणणारे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर कायमचे नेमलेले होते.

याच प्रकल्पाची पाठभेद नोंदवणारी केंद्रं शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही होती. दूर राहून काम होतं याचा हा उत्तम पुरावा म्हणून विरोधक तो खुशाल वापरू शकतात. पण त्या केंद्रांकडे काम गेलं ते आखलेल्या तावावर. काय शोधायचं, कुठे लिहायचं, शेरा कुठे टाकायचा, हे सगळं त्या रेघांत आधीच ठरलेलं होतं. त्या रेघा कशा आखायच्या हे ठरायला मात्र वर्षं गेली. ना. बा. उटगीकरांनी १९२३ साली विराटपर्वाची नमुन्याची आवृत्ती काढली, ती विद्वानांपुढे ठेवली, त्यावर चर्चा झाली, मग सुकथनकरांनी घडी बदलली. आणि अक्षराखाली अक्षर मांडलेल्या त्या तावांवरून मूळ पाठ कोणता हे ठरवायला पुन्हा संपादकच लागले. आखलेला ताव शेकडो मैल प्रवास करतो. तो आखण्याचं काम माणसं जवळ असल्याशिवाय होत नाही.

जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांचंही उदाहरण माझ्यावर फेकलं जाईल. एक कलकत्ता-पाटणा-दार्जिलिंगकडे, दुसरे आधी बडोद्याला आणि मग कामशेतला, आणि दोघांची मैत्री जवळपास अर्धशतक पत्रांवर चाललेली. इतिहास-संशोधनातलं असं दुरून केलेलं सहकार्य भारतात दुसरं क्वचितच असेल. पण ही मैत्री केवळ टपालावर उभी नव्हती. सरकार कामशेतला येऊन राहत, दोघं मिळून गड आणि रणभूमी पालथ्या घालत, आणि पुढच्या पत्रांत त्या भेटींतून निघालेले प्रश्न असत. पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापायचं काम १९३० ते १९३४ या काळात झालं, तेव्हा सरदेसाईंना सहाय्यक घेऊन पुण्यात दफ्तरातच बसावं लागलं. कापडात बांधलेले कागदांचे हजारो रुमाल होते आणि कुठल्या रुमालात नेमकं काय निघेल हे आधी सांगता येत नव्हतं. रुमाल सोडायचा, कागद हातात घ्यायचा, शेजारच्याला दाखवायचा, ‘हे काय असेल?’ विचारायचं. ते काम टपालाने झालं नसतं.

राहिला पैशाचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेड्यातून येऊन चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला शांत, उजेडाची जागा हवी आहे आणि त्यासाठी तो महिन्याची फी देतो. त्या फीवर ग्रंथालयाचे दिवे जळतात. अभ्यासिका असावी, तिला माझा विरोध नाही. पण अभ्यासिका भाड्याच्या खोलीत, शाळेच्या रिकाम्या वर्गात, समाजमंदिरात कुठेही चालू शकते आणि चालतेही आहे. शब्दकोश, गॅझेटियर, जुनी नियतकालिकं, आणि ती वापरायला आलेली अनोळखी माणसं एका टेबलाभोवती येतील अशी जागा तालुक्याच्या गावात बहुधा एकच असते. दोन गरजांतली एक भागवायला दुसरी मारायची, हे नियोजन झालं नाही. शिवाय ज्या मुलासाठी हे कप्पे बसवायचे म्हणतो, त्याच्यावरही त्यात अन्याय होतो. पाठांतर कप्प्यात बसून होतं. पण आपण कुठल्या परीक्षेमागे धावतो आहोत आणि तिच्याखेरीज दुसरं काय करता येईल, हे त्याला शेजारच्याशी बोलूनच कळणार आहे. ‘बोलू नये’ची पाटी लावलेल्या पार्टिशनमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या मुलाला माहिती भरपूर मिळते, सल्ला मिळत नाही.

डिजिटल सभासदत्वालाही माझा विरोध नाही. ज्यांना येता येत नाही, मग त्या घरात अडकलेल्या बाया असोत, चालता न येणारे वृद्ध असोत की दूरच्या वाड्यांतली मुलं, त्यांच्यासाठी ते हवंच. मात्र ते टेबलाच्या बदल्यात नको. लॉगिनचा जास्तीत जास्त फायदा त्यालाच होतो ज्याला काय शोधायचं हे आधीच ठाऊक असतं. म्हणजे आधीच शिकलेल्याला, आधीच ओळखी असलेल्याला. टेबल काढून लॉगिन दिलं तर ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळेल, आणि ज्याने पहिल्यांदाच ग्रंथालयाची पायरी चढली आहे त्याच्या हाती एक पासवर्ड ठेवून आपण त्याला परत पाठवू.

म्हणून नुसता नकार न देता पर्यायी मागण्या ठेवतो. संदर्भ-दालनात निदान दोन मोठी टेबलं राहावीत आणि तिथे हळू आवाजात बोलायला परवानगी असल्याची पाटी लागावी. शांतता हवी त्यांच्यासाठी वेगळी खोली असावी. जागाच नसेल तर वेळा वाटून घ्याव्यात. टेबलावर एकच मोठा संगणक ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला आपला पडदा उघडता येईल अशी वीज आणि वायफायची सोय करावी, म्हणजे माणसं आधी आपापलं शोधतील, टिपतील, आणि मग मान वर करून बोलतील. डील आणि श्ट्रोबे यांच्या निष्कर्षाचा मान त्यातच राखला जाईल. संदर्भ-सेवेच्या ग्रंथपालाचं टेबल काचेच्या केबिनमधून बाहेर काढून वाचकांच्या रांगेत आणावं. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ जाहीर करावी, जिच्यात मोडीचा, जमिनीच्या कागदांचा, सरकारी योजनांच्या अर्जांचा जाणकार त्या टेबलावर येऊन बसेल. यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही.

कार्यकारिणीच्या सभासदांना शेवटी एवढंच सांगायचं आहे. टेबलावर दुपारी किती माणसं बसली हे मोजून त्याची किंमत काढू नका. तिथून उठताना किती जणांचे प्रश्न बदललेले होते हे विचारा. ग्रंथालयाच्या हिशेबात त्यासाठी रकाना नाही, म्हणूनच असे प्रस्ताव बिनविरोध मंजूर होतात. पुढच्या वार्षिक सभेत हा प्रस्ताव आला तर सभासदांनी तो नामंजूर करावा आणि त्याच सभेत संदर्भ-दालनासाठी तरतूद मागावी. एकदा कप्पे बसले, त्यांच्या फीची सवय लागली, की टेबलं परत आणायला कुणी धजणार नाही.